सोमवारी अकरा वाजता खाडी कशी असते?

मी डोंबिवलीहून ऐरोलीला ऑफिसला जातो. कळवा सोडलं की गाडी खाडीवरून जाते. कधी पाणी काठोकाठ असतं, कधी नुसता काळा चिखल. गाडी मात्र रोज तीच, वेळही तीच. आजचा विषय यातूनच सुचला.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली, क्षेत्र साधारण ६,५२१ हेक्टर. म्हणजे जबाबदारी आली. पण पाणी सुधारतंय की बिघडतंय, हे ठरवायचं कसं? नमुने घेऊन. गंमत इथेच आहे.

समजा, दर सोमवारी सकाळी ११ वाजता एकाच जागी नमुना घेतला. अगदी शिस्तीत. पण भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, घड्याळ बघून नाही. हिशोब करा: सात दिवसांत साडेतेरा भरत्या होतात. म्हणजे या सोमवारी ११ला भरती असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी ओहोटी! भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि घाण पातळ होते. ओहोटीला नाल्यांचं पाणी जास्त दिसतं. मी घरी लॅपटॉपवर साधी लाट काढून दर सातव्या दिवशी एक ठिपका घेतला. आलेख वर-खाली, वर-खाली. बघणारा म्हणेल, एक आठवडा कोणीतरी सांडपाणी सोडतंय. प्रत्यक्षात तो चंद्र होता.

दर पंधरवड्याला, म्हणजे १४ दिवसांनी, नमुना घेतला तर आणखी फसगत. १४ दिवसांत जवळजवळ बरोबर २७ भरत्या बसतात. सलग कित्येक नमुने भरतीचेच येतील आणि खाडी कागदावर स्वच्छ!

दुसरा सापळा ऑक्सिजनचा. किनारी पाण्याच्या एसडब्ल्यू-२ वर्गासाठी विरघळलेला ऑक्सिजन किमान लिटरला ४ मिलिग्रॅम हवा. सांडपाण्यावर शेवाळ पोसतं. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री वापरतं. त्यामुळे दुपारी आकडा पास, पहाटे नापास. मासा मरतो पहाटे.

मग सेन्सर लावा ना, असं माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणतो. लावावेतच. पण खाडीत त्यांच्यावर गाळ, शेवाळ, शिंपले चढतात आणि आकडा हळूहळू सरकतो. ब्रश घेऊन होडीतून जाणारा माणूस नसेल, तर डॅशबोर्ड छान आणि माहिती खोटी.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक आकड्याशेजारी तीन रकाने हवेत: वेळ, भरतीची स्थिती, क्षारता. जमलं तर वर्षातून काही वेळा सलग २५ तास, दर तासाला नमुना. एकदा उधाणाला, एकदा भांगाला. कोळी बांधव हे दोन शब्द आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. वेळापत्रक त्यांना विचारूनच करावं.

आणि फ्लेमिंगो आले म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. छोटा रोहित मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातो, आणि शेवाळाला आपलं सांडपाणी खत पुरवतं. गुलाबी थवा हे काही प्रमाणपत्र नव्हे.

उद्या पुलावरून जाताना खाली बघा. भरती आहे की ओहोटी, तेवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात.