जलव्यवस्था आणि ग्रामरचना



गाव कोठे वसावे हे माणूस ठरवितो, अशी समजूत आहे. परंतु पुष्कळदा ते पाण्यानेच ठरविलेले असते. काकतीजवळून वाहणारी मार्कंडेया पुढे गोकाकनजीक घटप्रभेस मिळते. या मुलुखात पश्चिमेस पाऊस मुबलक, पूर्वेस जावे तसा तो विरळ. म्हणून पावसाळ्याचे पाणी अडवून धरण्याची विद्या येथे जीवनविद्याच ठरली.

तिचे जुने साधन म्हणजे तळे, कन्नडात केरे. उतारास आडवा मातीचा बांध घालावयाचा, त्यात तूंब ठेवावयाचा व खाली पाट काढावयाचे. एवढ्यानेच शिवाराची विभागणी होते: बांधाखाली भात, पाणी न पोहोचणाऱ्या माळावर ज्वारी, आणि उंचवट्यावर गावठाण. झिरप्यावर खालच्या विहिरी जगतात. तळे गाळाने भरले म्हणजे साऱ्या गावाची घडी विस्कटते.

पूर्वजांनी हे ओळखले होते. कर्नाटकातील शिलालेखांत तळे बांधण्यासाठी व राखण्यासाठी दिलेल्या भूमीस ‘बित्तुवट्ट’ म्हटले आहे. धर्मशास्त्राने यज्ञादी ‘इष्ट’ कर्मांच्या जोडीस वापी, कूप व तडाग यांचे ‘पूर्त’ कर्म बसविले.

परंतु बांध घातल्याने काम संपत नाही. पाण्याची वाटणी न्याय्य हवी. खानदेशात पांझरा नदीवरील फड पद्धती याचे उत्तम उदाहरण होय. बंधाऱ्याखालील जमीन काही फडांत विभागलेली. एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली. पाणी अपुरे पडल्यास एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे तोटा एकाच्याच माथी न बसता सर्वांत वाटला जाई. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः दारे धरावयाचे नसे. बलवानास अधिक व दुबळ्यास उणे, या अन्यायास तेथे वाव थोडा राही.

विजेचा पंप आला, घरोघर नळ आले. कष्ट हलके झाले, हे इष्टच. परंतु ज्याची त्याची विहीर झाल्यावर सामाईक तळ्याकडे पाहणार कोण? गाळ साचतो, पाट बुजतात, बांधावर अतिक्रमण होते. आणि विहिरी आटल्यावर गाव आकाशाकडे पाहते.

शास्त्राने जीर्णोद्धाराचे पुण्य नवनिर्मितीहून उणे मानलेले नाही. उत्सवाची वर्गणी जमते, त्याच श्रद्धेने उन्हाळ्यात तळ्यातील गाळाच्या चार पाट्या प्रत्येक घराने उचलल्या, तर तेही पूर्तच होय.