शाळा बंद, रोजी बंद

गोंदिया हा धानाचा जिल्हा. जुलैत रोवणी सुरू झाली की बाया सकाळीच बांधीत उतरतात, कमरेत वाकून चिखलात पऱ्हे लावतात. लेकरू तेव्हा शाळेत असते. दुपारची खिचडीही तिथेच मिळते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला राज्य सरकारने परवानगी दिली, ती थेट १ डिसेंबर २०२१ पासून. मधे रोवणीचे दोन हंगाम गेले. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, तिथे मूल सांभाळायचे तर आईची मजुरी बुडणारच. म्हणून शाळा बंद ठेवण्याचा निर्णय घेताना मुलांच्या शिक्षणाबरोबर आईच्या रोजीचाही विचार व्हायलाच हवा.