ज्वारीच्या कणसावरील पाहुणे

बंगळूरच्या उंच इमारतींना लोंबणारी आग्या मोहोळे पुष्कळांनी पाहिली असतील. हीच आग्या माशी आणि तिची बहीण सातेरी, ज्वारी फुलोऱ्यात आली की भल्या सकाळी कणसांवर उतरतात. ज्वारीच्या फुलात मकरंद नसतो. माश्या येतात त्या परागासाठी, कारण पराग हे त्यांच्या पिलांचे अन्न होय. ज्वारीला मात्र दाणा धरण्यास माशी लागत नाही. म्हणून ऐन फुलोऱ्यात विषारी औषध फवारणाऱ्याने शेजारच्या सूर्यफुलाकडे पाहावे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८० साली बीएसएच-१ हा सूर्यफुलाचा संकरित वाण दिला. अशा वाणाचे बियाणे करताना नरझाडाचा पराग मादीझाडावर नेतात त्या मधमाश्याच. ज्वारी माशीला पोसते, माशी सूर्यफुलाला फळवते. हे देणेघेणे फवाऱ्याने तुटू नये.