मालकी सोडणारी वृत्तपत्रे



2019 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याच्या राजधानीत एका दैनिकाने जाहीर केले की यापुढे त्याला मालक असणार नाही. 1871 पासून निघणारे ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ धर्मादाय संस्था झाले होते आणि तिथल्या प्राप्तिकर खात्याने त्याला तशी मान्यता दिली होती. पॉल हंट्समन या उद्योजकाने हे पत्र 2016 साली विकत घेतले. 2017 मध्ये त्याला स्थानिक वार्तांकनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि 2018 मध्ये संपादकीय विभागातल्या सुमारे एकतृतीयांश लोकांना काढावे लागले. कामाचा दर्जा उतरला नव्हता, जाहिराती उतरल्या होत्या. हंट्समन यांनी मग मालकीच सोडली. अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या दैनिकांपैकी असे रूपांतर करणारे हे पहिले.

त्याची किंमतही त्याने मोजली. धर्मादाय संस्थेने निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराची बाजू घ्यायची नाही, हा अमेरिकेचा दंडक आहे. त्यामुळे मतदारांना कौल सुचवणारे अग्रलेख बंद झाले. देणग्या आल्या, पण रोजचा छापील अंक वाचला नाही. 2021 मध्ये कागदावरचा अंक आठवड्यातून एकदा निघू लागला.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या ‘ला प्रेस’ची गोष्ट याच्या आधीची, 2018 ची. पॉवर कॉर्पोरेशन या मालक कंपनीने ते पत्र एका सामाजिक न्यासाच्या स्वाधीन केले, वर पाच कोटी कॅनेडियन डॉलर दिले आणि आजवरच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारीही आपल्याकडे ठेवली. या पत्राच्या मालकीवर 1967 च्या एका कायद्याची बंधने होती, ती क्विबेकच्या विधिमंडळाला आधी उठवावी लागली. पुढे कॅनडाच्या संघराज्य सरकारने करसवलतीच्या देणग्या घेऊ शकणाऱ्या पत्रकारिता संस्थांचा स्वतंत्र वर्गच कायद्यात निर्माण केला. त्यातली एक अट या सभागृहाने लक्षात ठेवावी: कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा एकूण उत्पन्नाच्या 20 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मालक गेला आणि त्याच्या जागी एक बडा दाता येऊन बसला, तर पत्राच्या हाती काहीच लागत नाही, हे त्या कायदेकर्त्यांनी ओळखले होते.

हे सारे परदेशी वाटेल. पण वृत्तपत्र हे धर्मादाय कार्य ठरू शकते का, या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा खटला आपल्याच उपखंडातला आहे. सरदार दयालसिंग मजिठिया यांनी 1881 मध्ये लाहोरला ‘द ट्रिब्यून’ काढले. आज ते चंदीगडहून निघते. 1898 मध्ये मजिठिया वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार छापखाना आणि वृत्तपत्र विश्वस्तांकडे गेले. पत्राचे उदार धोरण टिकवायचे, आणि शिल्लक राहील तो पैसा पत्राच्याच सुधारणेत घालायचा, अशी त्यांची इच्छा होती. प्राप्तिकर खात्याने कर मागितला आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1939 साली निकाल लागला: प्रांताला सुशिक्षित लोकमताचे मुखपत्र पुरवणे हे सार्वजनिक उपयोगाचे काम आहे, म्हणून कर नाही.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने मात्र हात आखडता घेतला. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात लोकोपयोगी कामाच्या व्याख्येला ‘नफ्यासाठी चालणारा उद्योग त्यात नसावा’ अशा अर्थाची पुस्ती जोडली गेली. तिच्याच आधारावर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘संयुक्त कर्नाटक’ हे कन्नड दैनिक चालवणाऱ्या लोकशिक्षण ट्रस्टला करमाफी नाकारली. नंतर ते शब्द गेले, वेगळ्या रूपात परत आले, आणि 2015 मध्ये आकडा ठरला: लोकोपयोगी संस्थेची व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण प्राप्तीच्या 20 टक्क्यांपलीकडे गेली की त्या वर्षाची करमाफी गेली. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातींचे उत्पन्न व्यापारी मिळकतीतच धरले. त्या निकालाने ज्यांचा दावा फेटाळला गेला, त्यांत ‘ट्रिब्यून’चा न्यासही होता. 1939 मध्ये जो जिंकला, तोच 2022 मध्ये हरला. मधल्या काळात पत्राचे काम बदलले नव्हते, कायदा बदलला होता.

कॅनडाचे 20 टक्के एका दात्याची पकड सैल ठेवण्यासाठी आहेत. आपले 20 टक्के जाहिरातीवर जगणाऱ्या पत्राला धर्मादाय दारातूनच परत पाठवतात. छापील दैनिकाच्या जमाखर्चात जाहिरातींचा वाटा केवढा असतो, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

कंपनी कायद्याची बाजू त्यामानाने सोपी आहे. चालू कंपनीला 2013 च्या कायद्याच्या कलम 8 खाली ना-नफा कंपनी होता येते. भागधारकांनी विशेष ठराव करायचा, कंपनी निबंधकाकडे अर्ज करायचा, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत जिल्ह्याच्या भाषेतल्या एका आणि इंग्रजीतल्या एका वृत्तपत्रात नोटीस द्यायची. परवाना मिळाला की नावातला ‘लिमिटेड’ हा शब्द जातो आणि लाभांश कायमचा बंद होतो. उद्दिष्टे सरकारच्या परवानगीवाचून बदलता येत नाहीत. कंपनी गुंडाळलीच, तर देणी भागवून उरलेली मालमत्ता अशाच दुसऱ्या संस्थेकडे जाऊ शकते, घरच्या वारसांकडे नाही. करमाफीची नोंदणी वेगळी करावी लागते. ती घेऊन नंतर पुन्हा नफ्याच्या वाटेला जायचे म्हटले, तर निव्वळ मालमत्तेवर सर्वाधिक दराने कर भरावा लागतो, 2016 पासून. तोटा टळावा एवढ्याच हेतूने कोणी या वाटेला जाऊ नये. ज्याला पत्र विकण्याचा हक्क स्वतःकडे राखायचा आहे, त्याच्यासाठी हा मार्ग नाही.

आणखी एक अडचण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेले कितीतरी जण मराठी पत्रांना हौसेने मदत करू पाहतात. पण परकीय देणग्यांच्या 2010 च्या कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्राचा मालक, संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांना परदेशी देणगी घेण्याची मनाईच केली आहे. देणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर चालते, पण त्याने नागरिकत्व बदलले असेल तर त्याचे शंभर डॉलरही चालत नाहीत. रूपांतराचा बेत आखताना परदेशातल्या आप्तांच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तरीही मालकाविना पत्र चालवणे महाराष्ट्राला अनोळखी नाही. ‘केसरी’ आजही केसरी-मराठा ट्रस्टचे आहे. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक न्यासाच्या आधारावर पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ हेही त्याच परंपरेतले. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेला ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह काउंटरमीडिया ट्रस्ट चालवतो, आणि त्यातले लेखन मराठीतही येते. यांतल्या कोणाचेही बळ निव्वळ कायद्याच्या रूपात नाही. पत्र आपले आहे असे मानणारा वाचक आधी होता, म्हणून न्यासाला अर्थ आला. ज्या पत्राला असा वाचक नाही, त्याने आधी तो जोडावा आणि सनदी लेखापालाकडे मग जावे.

वाचक जोडणे हे संपादकांचे काम, पण कायद्याची अडचण एकट्या संपादकाकडून सुटणारी नाही. म्हणून या संमेलनाने एक ठराव करावा आणि तो केंद्रीय अर्थमंत्रालयाकडे पाठवावा. जे पत्र लाभांश वाटत नाही, शिल्लक सगळी पत्रातच घालते, दरवर्षी हिशेब व देणगीदारांची नावे छापते आणि एका दात्याचे वर्चस्व होऊ देत नाही, त्याच्या जाहिरातींच्या उत्पन्नाला 20 टक्क्यांची मर्यादा लागू करू नये, एवढीच मागणी त्यात असावी. आणि कायदा बदलण्याची वाट न पाहता, हिशेब छापण्याचा भाग आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या वार्षिक अंकापासून सुरू करावा, ही विनंती.