नवख्याच्या हातात काम देताना

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संक्षिप्त भाग)



संयोजकांनी सांगितलं, 'फौंड्रीत पोरांना शिकवतोस, त्यावर चार शब्द बोल.' ज्यांनी आपल्याला शिकवलं ते सर आणि बाई समोर बसलेले असताना शिकवण्यावर बोलणं म्हणजे धाडसच. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे. आपण आता साठीला टेकलो. कुणी दवाखाना चालवतं, कुणी गुऱ्हाळ, कुणी हिशेब बघतं, कुणी शिवणकाम करतं. हातातलं कसब दुसऱ्याच्या हाती द्यायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

आधी एक गंमत करू. मी टेबलावर बोटांनी एक गाणं वाजवतो, ओळखा बघू. (टेबलावर ठोके.) कुणी आरती म्हणालं, कुणी लावणी. अहो, 'जन गण मन' होतं! माझ्या डोक्यात चाल सुरू होती, तुमच्यापर्यंत नुसती टकटक पोचली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं हाच प्रयोग केला. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. जाणत्या माणसाचं शिकवताना असंच होतं. चाल त्याला ऐकू येत असते, आणि समोरच्यालाही येते असं तो धरून चालतो.

आमच्या धंद्यातलं सांगतो. उद्यमनगरातले जुने मिस्त्री नव्या पोराला म्हणतात, 'वाळू बरोबर झाली की हाताला कळतंय.' त्यांच्या हाताला कळतं, यात शंका नाही. पण पोराच्या हातानं काल पहिल्यांदा वाळू धरली. त्याला असं सांगावं लागतं: मूठभर वाळू घे, घट्ट आवळ, मूठ उघड. बोटांचे ठसे स्वच्छ दिसले पाहिजेत. मग गोळा मधोमध मोड. कडा साफ राहिल्या तर वाळू चांगली. ढासळली तर पाणी कमी, तळहाताला चिकटली तर जास्त. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. न सांगितलं तर ओल्या साच्यात लोखंड ओतल्यावर वाफ कोंडते, कास्टिंगला भोकं पडतात, कधी तापलेला रस उसळून अंगावर येतो.

पॅटर्नमेकरची पट्टी तर बघण्यासारखी असते. बिडाचं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून त्याच्या पट्टीवरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढा मोठा आखलेला असतो. नवा पोरगा साध्या पट्टीनं पॅटर्न मोजतो आणि म्हणतो, 'माप चुकलंय.' पोरगा मठ्ठ नाही. उलट त्यानं नीट मोजलंय! पट्टी वेगळी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. प्रत्येक धंद्यात अशी एक पट्टी असते. घरातसुद्धा, सुनेला 'मीठ अंदाजानं घाल' म्हणणाऱ्या सासूबाईंचा अंदाज चाळीस वर्षांचा असतो.

सांगण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे नवख्याला खरं काम मिळणं आणि ते शेवटपर्यंत दिसणं. यासाठी आपल्या गावातलं नाव घ्यायचं तर बाबूराव पेंटर यांचं. त्यांना सिनेमा शिकवणारी शाळा नव्हती. आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, शांताराम त्याच कंपनीत तयार झाले. शांतारामांनी तिथं पडेल ते काम केलं, आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये भूमिकाही केली. सिनेमा कसा उभा राहतो हे या मंडळींनी जवळून पाहिलं. म्हणूनच १९२९ मध्ये ती बाहेर पडली तेव्हा इथंच 'प्रभात' उभी करू शकली. पुढं दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. आपल्यावाचून उभा राहणारा शिष्य, याहून मोठी पावती गुरूला कुठली?

आणि तालीम तर आपल्या गल्लीतच आहे. तिथं नव्या पोराला पहिल्या दिवशी वस्ताद स्वतः डाव शिकवत बसत नाहीत. दोन-तीन वर्षं आधी आलेला पोरगा त्याला धरतो. त्याला स्वतःची अडचण अजून आठवत असते. वस्ताद हौदाच्या कडेला उभे राहून बघतात आणि नेमक्या जागी टोकतात. मोठा पैलवान लहानाशी झोंबताना सगळी ताकद लावत नाही, पण अगदी सोडूनही देत नाही. पोराला पेलेल एवढाच जोर लावतो. फौंड्रीत मी हेच करतो. नव्याला गेल्या वर्षीच्या पोराजवळ उभा करतो आणि संध्याकाळी त्यालाच विचारतो, 'आज काय केलंस, मला शिकव.' तो जिथं अडखळतो, ती आमची गाळलेली पायरी.

आता मागणं. पोरं तीन महिन्यांत काम सोडून जातात, अशी तक्रार आपण सगळेच करतो. जाताना त्यातली कितीतरी 'मला जमत नाही' असं मनात धरून जातात, आणि ते आयुष्यभर धरून ठेवतात. म्हणून शाळेला माझी विनंती आहे की महिन्यातून एक शनिवार आपल्याला द्यावा. आपण प्रत्येकानं नववीच्या पोरांसाठी दोन तासांत पूर्ण होईल असं एकच काम आणायचं. खिशाला शिलाई मारणं, रक्तदाब मोजणं, दुकानाचा एका दिवसाचा हिशेब लिहिणं, काहीही. बोलायचं कमी, करायला त्यांना द्यायचं, आणि झालेली वस्तू त्यांना घरी नेऊ द्यायची.

वहीत पहिलं नाव मी माझं लिहिलंय. वही दारापाशी टेबलावर आहे. जेवायला जाताना सही करूनच पुढं जा.