व्हेंटिलेटर सुटतो कसा?

व्हेंटिलेटर हा शब्द पूर्वी फक्त आमच्या अतिदक्षता विभागात ऐकू यायचा. २०२०-२१ मध्ये कोविडच्या लाटा आल्या आणि तो घराघरांत पोचला. पोचला तो भीती घेऊनच. "व्हेंटिलेटरवर ठेवलंय" म्हटलं की नातेवाईक पुढचं काही ऐकतच नाहीत. आणि "आता व्हेंटिलेटर काढायचाय" म्हटलं, तर त्यांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले! मी भूलतज्ज्ञ. माझी तीसेक वर्षं आयसीयूत गेली. माझा अनुभव असा, की यंत्र लावणं त्या मानानं सोपं. कसोटी लागते ती ते सोडवताना.

याला आम्ही 'वीनिंग' म्हणतो. बाळाचं अंगावरचं दूध तोडतात, त्यासाठीचाच हा इंग्रजी शब्द. उपमा गोड आहे, पण तिनं आम्हा डॉक्टरांना बरीच वर्षं चकवलं असं मला वाटतं. दूध हळूहळू तोडायचं, तसं यंत्रही हळूहळू कमी करायचं. आज मिनिटाला बारा श्वास यंत्राचे, उद्या दहा, परवा आठ. आम्ही असंच शिकलो आणि तसंच करत राहिलो.

१९९३ सालची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक न्यूमोनियानं आमच्याकडे दाखल होते. यंत्रावर पाच दिवस झाले होते. शनिवारी सकाळी राऊंडला गेले, तेव्हा ताप उतरला होता, ऑक्सिजन चांगला होता, गुरुजी डोळ्यांनी खुणा करत होते. मी सिस्टरना म्हटलं, "राहू दे, अजून दोन दिवस विश्रांती मिळू दे. सोमवारी बघू." रविवारी हाताशी माणसं कमी असतात, हेही मनात होतं, ते मी बोलले नाही.

रात्री दोनला फोन आला. "मॅडम, गुरुजींनी नळी उपटली!" धावतपळत पोचले. पुन्हा नळी घालायची सगळी तयारी सिस्टरनं मांडून ठेवली होती. आणि गुरुजी उशीला टेकून शांतपणे श्वास घेत बसलेले. घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "आता परत नका घालू हो."

परत घालावी लागली नाही. आठवड्यानं ते घरी गेले, जाताना माझ्यासाठी पेढे ठेवून गेले. मला ते पेढे गोड लागले नाहीत. ती नळी शनिवारी सकाळीच, कदाचित शुक्रवारीच, निघाली असती.

गुरुजींनी केलं ते कुणी करू नये, हे आधी सांगते. नळीच्या टोकाशी फुगवलेला फुगा असतो, तसाच ओढला तर स्वरयंत्राला इजा होते. अशा नळी उपटणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती पुन्हा घालावी लागते. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? त्यांच्या घशात ती आम्ही गरज नसताना ठेवलेली असते.

हा संशय माझ्या एकटीचा नव्हता. १९९५ मध्ये स्पेनमधल्या आंद्रेस एस्तेबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र सोडवण्याच्या टप्प्याला आलेले ५४६ रुग्ण त्यांनी घेतले आणि आधी सगळ्यांची दोन तास श्वासाची चाचणी केली. धाप लागली ती फक्त १३० जणांना! बाकीच्यांना हळूहळू वगैरे काही करायची गरजच नव्हती. त्या १३० जणांमध्येसुद्धा, दिवसातून एकदा चाचणी घेतलेले रुग्ण यंत्राचे श्वास रोज थोडे थोडे कमी केलेल्यांपेक्षा सुमारे तिप्पट वेगानं मोकळे झाले. पुढे १९९९ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं, की चाचणीला दोन तासही नकोत, अर्धा तास पुरतो.

आणि "विश्रांती मिळू दे" या माझ्या वाक्याचं उत्तर २००८ मध्ये मिळालं. छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा श्वास ओढतो, तो यंत्रावर पूर्ण स्वस्थ राहिला, तर १८ ते ६९ तासांतच त्याचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले आढळले. प्लास्टर काढल्यावर हात कसा काटकुळा दिसतो, तसंच हे.

आता रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवून आम्ही रुग्णाला जागं करतो. मूळ आजार आवरला आहे, रक्तदाब स्थिर आहे, ऑक्सिजन फारसा लागत नाही, असं दिसलं की यंत्राचा आधार अगदी कमी करायचा किंवा नळीला नुसता ऑक्सिजन जोडायचा, आणि समोर उभं राहायचं. हो, उभं राहायचं. पडद्यावरचे आकडे उशिरा बोलतात. नाकपुड्या फुलतात, मानेच्या शिरा ताठ होतात, कपाळावर घाम येतो, ते आधी दिसतं.

मात्र चाचणी पास झाली म्हणजे नळी काढायचीच, असंही नाही. एका आजींचा श्वास उत्तम होता, म्हणून मी नळी काढली. खोकल्यात जोर नव्हता, त्याकडे माझं लक्ष गेलं नाही. कफ साठला, दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा घातली, आणि आजी गेल्या. उशीर आणि घाई, दोन्हीचा हिशेब रुग्णालाच चुकवावा लागतो.

एक तरुण शेतकरी आठवतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला, रात्री मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, मग पापण्या जड झाल्या. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष दिलं, नळी घातली, आणि जीपमधून येताना त्याचा भाऊ वाटभर हातानं अंबू बॅग दाबत होता. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशाच पिशव्या दाबल्या आणि त्यातून आजची आयसीयू जन्माला आली. या भावाला ते कुठलं माहीत? तो आपला दाबत राहिला.

आमच्याकडे आला तेव्हा सगळं अंग लुळं, पापणी हलत नाही, बाहुल्या मोठ्या. पाहणाऱ्याला वाटावं, संपलं. त्याची बायको दारात बसून असायची. पहिल्या दिवशी तिच्या कानात फुलं होती, चौथ्या दिवशी नव्हती. तिनं विचारलं, "बाई, मशीन काढलं तर त्यो राहील का?" मी म्हटलं, "आज काढणार नाही. पण रोज बघणार आहे."

पाचव्या दिवशी बोटं हलली. सहाव्या दिवशी श्वास जमला, पण मान उचलून पाच सेकंद धरता येईना, म्हणून थांबले. सातव्या दिवशी धरली, जोरात खोकला, आणि नळी काढली.

दुपारी त्याला चमच्यानं पाणी पाजत होते. तो हळूच म्हणाला, "बाई, तुमी सारखं म्हणत हुता, डोळं उघड, डोळं उघड. मी उघडतच हुतो."

त्याच्या खाटेशी उभं राहून पहिल्या दोन दिवसांत आम्ही काय काय बोललो होतो, ते मी आठवू लागले.