जुन्याचे जतन हाच जीर्णोद्धार

(जीर्णोद्धार समारंभप्रसंगी झालेले भाषण)



जीर्ण झालेल्याचा उद्धार करणे, असा जीर्णोद्धार शब्दाचा सरळ अर्थ. परंतु पुष्कळ ठिकाणी जुने पाडून नवे उभारणे, असाच तो घेतला जातो. दगडी खांबांना ऑईलपेंट लागतो, जुन्या फरसबंदीवर गुळगुळीत टाइल्स बसतात. हे सारे श्रद्धेपोटीच होते, यात शंका नाही. पण त्यात गाव काय गमावते, याचा विचार अगत्याचा आहे.

जमिनीचा वाद निघाला की सातबारा काढतात, जुने फेरफार पाहतात. त्याहून जुना कागद बहुधा वाळवीने खाल्लेला असतो. तेथे दगडच साक्षीला उभा राहतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. या ओळी सिमेंटखाली बुजल्या असत्या, तर मंदिराचे वय आज केवळ अंदाजाने सांगावे लागले असते.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताच्या मध्यभागी गोल मोकळी जागा आहे. तेथून आकाश दिसते. काम अपुरे राहिले असे समजून कोणी तेथे स्लॅब टाकला असता, तर तो स्वर्गमंडप कायमचा हरपला असता. तेथेच देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या दानाचा शिलालेख आहे. राजा गेला, राज्य गेले. दगडावरची नोंद राहिली.

अशा मोठ्या वास्तूंना कायद्याचा आधार आहे. केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे. परंतु खेड्यापाड्यांतील बहुतेक जुनी देवळे, बारव, वेशी आणि वीरगळ कोणत्याच यादीत नाहीत. त्यांचा राखणदार एकच, तो म्हणजे गाव.

राखण करायची ती अशी. दगडाला रंग लावू नये. आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याच्या जुन्या बांधकामाची डागडुजी चुन्यानेच करावी. सिमेंट त्याला मानवत नाही. शिखरावरचे पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. मुळे सांध्यांत शिरली की चिरे निखळतात. पावसाचे पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. पालथा पडलेला कोरीव दगड पायरीला वा कपडे धुण्याला नेऊ नये. कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढून पंचायतीच्या दप्तरी ठेवावे, आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

देणगीदारांनाही एक नम्र विनंती. देणाऱ्याचे नाव राहिलेच पाहिजे, सिंघणाचेही राहिले. मात्र जुन्या खांबाला भोके पाडून संगमरवरी पाटी बसवू नये. नव्या भिंतीवर एकच फलक असावा, त्यावर लाख रुपये देणाऱ्याचे आणि अंगमेहनत करणाऱ्याचेही नाव असावे. शिवाय ही स्मरणिका घरोघर राहणारच आहे.

ज्या अनाम पाथरवटांनी हे दगड घडवले, त्यांनी स्वतःचे नाव कोरले नाही. त्यांचे काम शाबूत राखणे हेच त्यांचे ऋण फेडणे होय. ती सद्बुद्धी ग्रामदैवताने सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.